कोळंबीचं बी घेऊन कुंभार्ली घाट

मी भित्रा माणूस नाही हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचल्यावर कोणाचा त्यावर विश्वास बसणार नाही. बावीस वर्षं मी केळशीच्या एका मच्छीमार लाँचवर इंजिन सांभाळलं. घराच्या कौलांपर्यंत पोचतील अशा लाटा पाहिल्यात आणि त्यातच बसून चहाही प्यायलोय. पण वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी हातात पिकअपचं स्टेअरिंग आलं आणि माझे हातपाय गळाले. होडीला ब्रेक नसतो. थांबायचं असेल तर इंजिन रिव्हर्सला टाकायचं आणि पाण्याला थोडा वेळ द्यायचा. रस्ता असा वेळ देत नाही, हे मला गावाबाहेरच्या सपाट सड्यावर गाडी शिकताना पहिल्याच दिवशी एका करवंदीच्या जाळीत घुसून कळलं.

लाँचच्या मालकाने लाँच विकली, म्हणून ही वेळ आली. मेव्हण्याची जुनी पिकअप त्याच्या दारात उभी होती. तो म्हणाला, "चालव. जमलं तर तुझी, नाय जमलं तर परत आणून लाव." बायको, सुरेखा, शिकताना शेजारी बसायची आणि दरवाज्याची कडी दोन्ही हातांनी धरून ठेवायची. तिला मी सांगितलं, अशी धरून बसू नकोस, मला भीती वाटते. ती म्हणाली, "मग मना काय वाटत आसंल?"

लोटे

अर्जंट मालाची कामं लोट्याला मिळतात असं ऐकलं होतं, म्हणून गाडी घेऊन तिथे गेलो. सकाळची पाळी सुटत होती. कंपन्यांच्या बस ओळीने बाहेर पडत होत्या आणि त्या ओळीत माझी गाडी दोनदा बंद पडली. हवेत केमिकलचा तो उग्र वास. आम्हा खाऱ्या वाऱ्याच्या माणसांना त्याने डोकं धरतं.

तीन ठिकाणी नन्नाचा पाढा ऐकला. चौथ्या ठिकाणी मोरेशेठ भेटले. हे गाड्या लावून देणारे गृहस्थ. टेबलावर तीन फोन आणि तिन्ही वाजत होते.

"अनुभव किती?"

"बावीस वर्षं."

"कुठली गाडी?"

"लाँच."

मोरेशेठ हसले नाहीत. त्यांनी शेजारच्या टपरीवाल्याला हाक मारून बोलावलं आणि मला म्हणाले, "परत सांग." मी परत सांगितलं. मग ते दोघे हसले.

हसून झाल्यावर मात्र त्यांनी मला बसवून नीट समजावलं. अर्जंट माल म्हणजे कोणाचं तरी काम अडलेलं असतं. गाडीत एकच माल, दुसरा कोणाचा भरायचा नाही. वाटेत पाहुण्याकडे चहा नाही, देवळात थांबणं नाही. "आणि येक ध्यानात ठेव," ते म्हणाले, "पहिली फेरी बिघडली की दुसरी भेटत नाय. हितं सगले एकमेकांना फोन करतात. संध्याकाळच्या आत तुझं नाव खेडपासून चिपळूणपर्यंत गेलेलं आसतं."

घरी येऊन मी सुरेखाला एवढंच सांगितलं की नंबर देऊन आलोय. तीन आठवडे फोन आला नाही, आणि खरं सांगतो, मला बरंच वाटत होतं.

केळशीहून निघताना

फोन फेब्रुवारीत आला. खाडीकाठच्या एका हॅचरीतून कोळंबीचं बी कऱ्हाडच्या पुढे, कृष्णेकाठच्या एका शेततळ्यात पोहोचवायचं होतं. नेहमीच्या गाडीवाल्याला कावीळ झाली होती. मोरेशेठ म्हणाले, "माशाचं काम आहे म्हणून तुझी आठवण झाली. दुपारी दोनच्या आत माल तळ्यावर पायजे."

ही गोड्या पाण्यातली कोळंबी. तिची पिल्लं सुरुवातीला खाडीच्या मचूळ, अर्धवट खाऱ्या पाण्यात वाढतात, म्हणून बी आमच्या किनाऱ्यावर तयार होतं आणि मग वर देशावर जातं. मला हे माहीत नव्हतं. जन्मभर कोळंबी पकडली, पण तिचं बी असतं आणि ते गाडीतून घाट चढतं, हे त्या दिवशी कळलं.

सकाळी सहाला हॅचरीवर पोहोचलो. तिथल्या नेहा मॅडम शिकलेल्या आणि वयाने माझ्या भाचीएवढ्या. त्यांनी मला एक पिशवी उजेडात धरून दाखवली. तळाला थोडं पाणी, वर ऑक्सिजन भरून पिशवी टम्म फुगवलेली. पाण्यात पापणीच्या केसाएवढे हजारो जीव वळवळत होते. अशा पिशव्या भरलेल्या थर्माकोलच्या दहा पेट्या, प्रत्येकीत कागदात गुंडाळलेली बर्फाची एक लहान पुडी.

"काका, ही जिवंत आहेत," मॅडम म्हणाल्या. "उन्हात गाडी उभी करायची नाही. पेट्या उघडायच्या नाहीत. काही अडलं तर मला फोन करा, आपल्या मनाने काही करू नका."

मी मान डोलावली. आमच्या धंद्यात मासा गाडीत चढतो तो मेलेलाच. तो फक्त नासू द्यायचा नसतो. हा माल मात्र वाटेत मरू शकत होता. 

पहाटे घरून निघतानाच सुरेखाने डब्यात तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी दिली होती. तेव्हा मला पाहून म्हणाली होती, "काय वो, येवढं घामाघूम कशाला झालाव? गाडी अजून सुरू पन नाय केलीव." मागे जिवंत कोळंबी आणि पुढे डब्यात तिचीच सुकी भावंडं, असा मी निघालो.

दापोली, खेड, चिपळूण

दापोलीपर्यंतचा रस्ता ओळखीचा. तरी प्रत्येक वळणाला मी हॉर्न वाजवत होतो, समोर कोणी नसलं तरी. आंब्याला मोहोर चांगला होता म्हणे. मी पाहिला नाही. कॉलेजची मुलं स्कूटरवरून मला ओलांडून गेली. त्यांतल्या एकीने मागे वळून पाहिलं. एवढ्या हळू चालणारी पिकअप तिने पाहिली नसावी.

खेडनंतर मोठा रस्ता लागला आणि ट्रक दोन्ही अंगांनी जायला लागले. भीती कशी असते ते सांगतो. समुद्रात भीती वाटली तर पोटात वाटते. गाडीत ती गुडघ्यात वाटते, कारण सगळं काम पायांना असतं. परशुराम घाट उतरताना माझा उजवा पाय ब्रेकवर इतका ताठ झाला होता की चिपळूणला उतरून उभा राहिलो तर तो वाकेना. गाडी वडाच्या सावलीत लावली होती. पेट्यांना हात लावून पाहिला. गार होत्या. पाणी प्यायलो आणि लगेच निघालो.

कुंभार्ली घाट

ज्यांनी हा घाट बसच्या खिडकीतून पाहिलाय त्यांना तो सुंदर वाटतो. खाली झाडी आणि वर कडा, दर वळणाला आपण मागे टाकलेला रस्ता पायाखाली दिसतो. मलाही तो दिसत होता, आणि दिसू नये असं वाटत होतं.

निम्म्या घाटात एका वळणावर पुढचा ट्रक थांबला. म्हणून मी थांबलो आणि माझ्या मागे एक एसटी थांबली. मग ट्रक निघाला. मी क्लच सोडला आणि गाडी बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा गाडी मागे घरंगळायला लागली. मागच्या पेट्यांत पाणी डुचमळल्याचा आवाज मला ऐकू आला, किंवा ऐकू आला असं वाटलं. एसटीचा हॉर्न वाजला तो थांबेचना. मला चढावर गाडी उचलता येत नव्हती. सड्यावर चढच नाही, शिकणार कुठे?

एसटीतून कंडक्टरबाई उतरल्या. खांद्यावर पैशांची बॅग आणि हातात कठड्याजवळचा एक मोठा दगड. तो त्यांनी माझ्या मागच्या चाकाखाली सरकवला आणि माझ्या खिडकीशी आल्या.

"अवं काका, हँडब्रेक वढा की! झोपलासा का काय?"

मी हँडब्रेक ओढला. तो असतो हेच विसरलो होतो.

"नवीन हायसा?"

"होय. मागं जिवंत माल हाय."

"काय? जनावर?"

"कोळंबी."

बाईंनी मागे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. अख्खी एसटी खिडक्यांतून माना काढून बघत होती. "आता ऐका," त्या म्हणाल्या. "दगड हाय, गाडी मागं जात न्हाई. भ्या सोडा. क्लच निम्मा सोडा, गाडी थरथरली की रेस द्या, मग हँडब्रेक सोडा. मी हितं उभी हाय."

गाडी थरथरली, मी रेस दिली, हँडब्रेक सोडला, आणि पिकअप पुढे गेली. आरशात पाहिलं तर बाई तो दगड पायाने कठड्याकडे लोटत होत्या, मागून येणाऱ्या कोणाला लागू नये म्हणून. माझ्या डोळ्यांत पाणी आलं हे लपवत नाही. पुढचा सगळा घाट ती एसटी माझ्या मागेच राहिली, एकदाही ओलांडून गेली नाही.

माथ्यावर एका टपरीच्या सावलीत गाडी लावली आणि एकाच पेटीचं झाकण जरा उचललं. पेट्या उघडायच्या नाहीत हे माहीत होतं, पण राहवलं नाही. पिशव्या सकाळपेक्षा जास्त ताणलेल्या वाटल्या. आता फुटतात की काय या भीतीने मॅडमना फोन लावला.

"उंचावर हवा विरळ असते काका, म्हणून फुगल्यात. खाली गेलात की बसतील. झाकण लावा आणि निघा."

पाटणच्या पुढे

देशावरची हवा वेगळी. आमच्याकडे ऊन घामातून कळतं, इथे घाम येतच नाही आणि ओठ मात्र फाटतात. दोन्ही बाजूंना ऊस, आणि रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर. त्यांतला एक पाटणच्या पुढे कलंडला होता. ऊस रस्त्यावर आडवा आणि दोन्हीकडे गाड्यांची रांग. झाड नाही, सावली नाही. बारा वाजून गेले होते.

पंधरा मिनिटं गेली. पेट्यांवर ताडपत्री होती, ती हाताला तापलेली लागत होती. अर्धा तास झाला. मी एकेका पेटीला हात लावत गाडीभोवती फिरत होतो. आतला बर्फ केव्हाच वितळला असणार, पाणी गरम होत असणार, आणि ते पापणीच्या केसाएवढे जीव शिजत असणार, असं मला दिसायला लागलं. मोरेशेठचे तीन फोन दिसायला लागले. 

रस्त्याच्या कडेला एक रसवंती होती. गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी तिथे ठेवलेली. ती पाहिली आणि त्या दिवशी पहिल्यांदा माझे हात शांत झाले. बर्फाचं काम मला येतं. बावीस वर्षं तेच केलंय. अर्धी लादी घेतली, गोणपाटावर ठेवून दगडाने बारीक फोडली आणि दोन पेट्या उघडल्या. सुरमई भरतात तशा पिशव्या बर्फात बसवल्या: खाली थर, बाजूंनी थर, वर थर. कसं सुबक काम झालं होतं! रसवंतीवालाही बघत उभा राहिला. तिसरी पेटी उघडणार तेवढ्यात पुढच्या गाड्या हलल्या आणि मी उरलेला बर्फ गोणपाटासकट गाडीत टाकून धावत जाऊन स्टेअरिंगवर बसलो.

पुढच्या टप्प्यात मी जरा खुशीत होतो. डब्यातली भाकरी एका हाताने खाल्ली. खूप वेळाने रस्त्याला एक झाड मिळालं, तिथे थांबून मॅडमना फोन केला. त्यांनी विचारलं नव्हतं तरी सांगितलं की ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो, पण काळजी नको, दोन पेट्यांना बर्फ भरलाय, उरलेल्यांनाही आता भरतो.

मॅडमनी मला पुढे बोलू दिलं नाही.

"काका, बर्फ काढा."

"पण मॅडम, ऊन बघितलंव तर..."

"काढा! आत्ता! ती मेलेली कोळंबी नाही. एवढ्या गारठ्यात जिवंत राहत नाही ती."

मी फोन तसाच सीटवर टाकला आणि मागे चढलो. दोन्ही हातांनी बर्फ उपसून रस्त्यावर फेकला. जवळजवळ पाऊण तास त्या पिशव्या बर्फात होत्या. पिशवी उजेडात धरली. सकाळी वळवळणारं सगळं तळाला साचलं होतं. काहीच हलत नव्हतं. दुसरी पेटी पाहिली, तीही तशीच. ज्या कामाची मला भीती नव्हती त्याच कामात मी चुकलो होतो.

कृष्णेकाठी

तळ्यावर पोहोचलो तेव्हा दोनला दहा मिनिटं होती. तळं सुमनताईंचं. साठीच्या बाई, प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. उसाच्या शेताला लागून तळं खणलेलं, पक्षी येऊ नयेत म्हणून त्यावर जाळी ताणलेली. आमच्याकडे पाहुण्याला आधी गूळपाणी देतात. यांनी पाण्याचा तांब्या दिला आणि वर विचारलं, "जेवलासा का?" भाकरी-खर्डा झाकून ठेवलाय म्हणाल्या. आधी पेट्या उतरवू, मी म्हणालो.

पेट्या उतरवल्या. गार दोन मी सगळ्यात शेवटी उतरवल्या. बाईंनी बॉनेटवरच माल पोचल्याच्या चलनावर सही करून दिली. "येळंवर आलासा. मागच्या खेपंला दुपारी चार वाजता आल्तं बी. निम्मं मेल्यालं."

एवढ्यात मोरेशेठचा फोन. "सही झाली? शाब्बास. मग तिथं उभा राहू नकोस. पिशव्या पाण्यावर ठेवून सोडायला अर्धा तास लागतो, तोपर्यंत तू पाटणला पोच. काय कमीजास्त झालं तर ते हॅचरीवाले आणि ती बाई बघून घेतील."

चलन माझ्या खिशात होतं. मी गाडीत बसलो आणि गाडी सुरूही केली. हे मुद्दाम लिहितोय, कारण नंतर घरी सांगताना मी हा भाग दोनदा गाळला. सुमनताई गुडघाभर पाण्यात उभ्या राहून एकेक पिशवी तळ्यावर तरंगत सोडत होत्या. तळ्यातलं पाणी आणि पिशवीतलं पाणी सारखं झालं की मग तोंड उघडायचं असतं. शेवटच्या पेटीतली पिशवी त्यांनी उचलली, आणि हाताला गार लागली म्हणून ती गालाला लावून पाहिली.

मी चावी काढली.

पाण्याच्या काठाशी जाऊन सगळं सांगितलं. रसवंती, लादी, सुरमईसारखे थर. सांगताना त्यांच्याकडे बघत नव्हतो. त्या एवढंच म्हणाल्या, "चपला काढा आणि आत या. ह्या दोन पेट्या तुम्ही धरा."

पँट वर करून पाण्यात उतरलो. पहिल्या आठ पेट्या एकेक करून सुटल्या. पिशवी कलती केली की पाण्यात धूर सोडल्यासारखं बी पसरायचं आणि दिसेनासं व्हायचं. माझ्या हातातल्या पिशव्या मात्र तशाच. वरून ऊन, खाली चिखल. बाई ओंजळीने तळ्याचं पाणी पिशवीत थोडं थोडं घालत होत्या. दहा मिनिटं, वीस मिनिटं. समुद्रात वादळात अडकलो होतो तेव्हाही मी देवाला एवढी गाऱ्हाणी घातली नव्हती.

"थांबा," बाई म्हणाल्या. "हे बघा."

तळाशी एक केस वळवळला. मग दुसरा. मग साचलेला सगळा थर हळूहळू विस्कटला. मला बाईंचा हात धरावासा वाटला, पण माझे हात पिशवीला होते. ती पेटी जवळजवळ सगळी उठली. दुसरीची आम्ही तासभर वाट पाहिली. तिच्यातलं काही उठलं नाही.

बाईंनी त्या पिशव्या काठावर मोकळ्या केल्या. ओल्या मातीवर पांढरट साय पसरल्यासारखं दिसलं. त्यांनी माझ्याकडून चलन मागून घेतलं. सहीखाली लिहिलं: नऊ पेट्या जिवंत, एक मेली, गाडीवाल्याने स्वतः सांगितले. संध्याकाळच्या आत माझं नाव कुठपर्यंत जाणार, ते मला दिसत होतं.

"एक पेटी परत आणाय लागंल," त्या पाय धूत म्हणाल्या. "परवा."

"मोरेशेठना सांगतो. दुसरा कोनी बघतील."

"दुसरा कशाला? त्यो परत माझ्याच पेट्यांवर शिकणार. तुम्ही शिकून बसलायसा. तुम्हीच या."

मी हो म्हणालो.

तिथेच मुक्काम केला. भाकरी खाल्ली. खर्डा एवढा तिखट की कान गरम झाले, आणि बाई म्हणतात हा सौम्यच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी घाट उतरलो तो पहिल्या गिअरमध्ये. मागचे सगळे हॉर्न वाजवत, हात करत पुढे गेले. दर वळणाला वाटत होतं की ब्रेक लागणार नाही. प्रत्येक वेळी तो लागला आणि तरी पुढच्या वळणाला तेच वाटलं.

पायथ्याला गाडी कडेला लावून सुरेखाला फोन केला.

"पोचलाव? माल कसा काय?"

"येक पेटी मारली."

"अगो बाय! मंग ती तळ्यावाली काय म्हनाली?"

"उद्या परत बोलावलंन. माल घेऊन. मीच यायचं म्हनाली."

सुरेखाने अगदी हळू आवाजात विचारलं, "त्या बाईचं डोकं ठिकानावर हाय ना?"

मी हसलो. फोन ठेवला आणि हँडब्रेक ओढलेला आहे ना, ते दोनदा पाहिलं.